नदीतील मत्स्य आणि वैद्याचे दायित्व

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत अभ्यासिला आहे. गंगातीरी कांपिल्य नगरीच्या परिसरात भगवान पुनर्वसु आत्रेय आपल्या अग्निवेशादी शिष्यांना सांगतात की, प्रकृती, आहार, बल, सात्म्य आणि वय भिन्न असूनही माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रासली जातात; कारण वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान आहेत. दूषित उदकाची लक्षणेही तेथे दिली आहेत. गंध, वर्ण, रस व स्पर्श यांची विकृती ही पहिली लक्षणे. पुढे ज्याला जलचर पक्षी सोडून गेले आहेत आणि ज्यातील जलचर जीव क्षीण झाले आहेत असे पाणी, असा उल्लेख येतो. परीक्षेसाठी पाठ केलेल्या या यादीतील पहिली चार लक्षणे आपल्या ध्यानी राहतात. शेवटच्या दोहोंकडे मात्र आपण फारसे लक्ष दिलेले नाही.

गेल्या सुमारे चाळीस वर्षांत पाश्चात्त्य देशांतील नद्यांवर जे संशोधन झाले, त्याने या शेवटच्या लक्षणाचे महत्त्व अधोरेखित केले आहे. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या, दुर्गंध नसणाऱ्या पाण्यातही नर मत्स्यांच्या शरीरात स्त्रीत्वाची चिन्हे प्रकट झाली. आणि त्यांचे कारण शोधता शोधता संशोधक माणसाच्या मूत्रापर्यंत व औषधाच्या गोळीपर्यंत येऊन पोहोचले. औषध देणे व औषध बनविणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा आपणा सर्वांचा या विषयाशी संबंध येतो, तो येथे. औषधाचा विचार रुग्णाच्या देहाशी थांबवून चालणार नाही, आणि या बाबतीत आयुर्वेदीय औषधनिर्माते स्वतःला वेगळे काढू शकत नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे मांडीत आहोत.

इंग्लंडमधील नद्यांनी काय दाखविले

१९७० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या उत्तरेस असलेल्या ली नदीच्या खोऱ्यात, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या तळ्यांत, रोच नावाचे काही मासे विचित्र अवस्थेत आढळले. रोच हा आपल्याकडील रोहू-कटल्याच्याच कुळातील मासा. या नर माशांच्या वृषणात अंडपेशी तयार झालेल्या होत्या. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नर ट्राऊट मासे पिंजऱ्यात ठेवून ते शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सोडण्यात आले. दोन-तीन आठवड्यांतच त्यांच्या रक्तातील व्हायटेलोजेनिन हे प्रथिन हजारो पटींनी वाढले. हे प्रथिन अंड्यातील बलकाचे पूर्वरूप होय. स्त्रीसंप्रेरकाची आज्ञा मिळाली की मादीच्या यकृतात ते बनते. नराच्या यकृतातही ते बनविण्याची क्षमता असते; परंतु आज्ञाच मिळत नसल्याने एरवी त्याच्या रक्तात ते जवळजवळ नसते. अर्थात, पाण्यातून कोणीतरी ती आज्ञा देत होते. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये सुसान जॉबलिंग, जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या अनेक नद्यांतील रोच माशांची पाहणी प्रसिद्ध केली. शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या बाजूस उभयलिंगी माशांचे प्रमाण मोठे होते. काही ठिकाणी तर पकडलेल्या सर्वच नरांमध्ये ही विकृती आढळली.

ही संप्रेरके आली कोठून? प्रारंभी कारखान्यांतील रसायनांवर संशय होता आणि काही नद्यांत तो खराही होता. यॉर्कशायरमधील एअर नदीत लोकर धुण्याच्या उद्योगातून येणारी, अपमार्जकांपासून बनणारी रसायने हेच काम करीत असल्याचे आढळले. परंतु घरगुती सांडपाण्याचे पृथक्करण केले तेव्हा प्रामुख्याने तीन द्रव्ये हाती लागली. एस्ट्रोन आणि एस्ट्राडायॉल ही दोन मानवी शरीरात निसर्गतः तयार होणारी संप्रेरके. आणि तिसरे एथिनिल एस्ट्राडायॉल, जे १९३८ मध्ये बर्लिन येथील प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले व पुढे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रमुख घटक बनले.

यातील एक बाब वैद्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. आपले यकृत या संप्रेरकांना दुसऱ्या द्रव्याची जोड देऊन निष्क्रिय करते आणि मग ती मूत्रावाटे बाहेर पडतात. देहापुरता विचार केला तर येथे काम संपले. परंतु गटारातील जीवाणू ती जोड तोडून टाकतात आणि निष्क्रिय झालेले संप्रेरक पुन्हा सक्रिय होते. शिवाय एथिनिल एस्ट्राडायॉलची रेणुरचनाच अशी योजलेली आहे की तोंडावाटे घेतल्यावर यकृताने ते सहज नष्ट करू नये. जो गुण गोळी म्हणून उपयोगी, तोच नदीत गेल्यावर घातक ठरतो. कारण तेथेही ते लवकर नष्ट होत नाही.

मात्रेचा प्रश्न

इतक्या अल्प प्रमाणातील द्रव्याने काय होणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या सरोवरांपैकी एकात २००१ ते २००३ या तीन वर्षी उन्हाळ्यात एथिनिल एस्ट्राडायॉल सोडण्यात आले. पाण्यातील त्याचे प्रमाण दर लिटरला सुमारे ५ ते ६ नॅनोग्रॅम राखले होते. आपल्या परिचयाच्या मानाने सांगावयाचे तर एक रती, म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम, द्रव्य अडीच कोटी लिटर पाण्यात मिसळले असता एवढे प्रमाण होते. नर माशांत व्हायटेलोजेनिन तयार होऊ लागले, वृषणांत विकृती आली, आणि त्या सरोवरातील फॅटहेड मिनो ही लहान माशांची जात जवळजवळ नामशेष झाली. करेन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केले. रत्तीचाही अंश मोजून रसौषधी देणाऱ्या आपल्या परंपरेस सूक्ष्म मात्रेचे सामर्थ्य निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

याच प्रयोगाचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. द्रव्य सोडणे थांबविल्यानंतर काही वर्षांत त्या माशांची संख्या पूर्ववत झाली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील बोल्डर शहरानेही सांडपाणी शुद्धीकरणाची पद्धत सुधारल्यानंतर बाहेर पडणाऱ्या पाण्यातील संप्रेरकांचा प्रभाव घटला आणि त्यात ठेवलेल्या नर माशांतील स्त्रीत्वाची लक्षणे कमी झाली. निदानपरिवर्जन हेच येथेही चिकित्सेचे पहिले सूत्र ठरले.

सत्य सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील रोच माशांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की, नरांत विकृती असूनही सांडपाण्याच्या नद्यांतील कित्येक मत्स्यसमूह स्वतःच्या बळावर टिकून आहेत. तीव्र विकृतीच्या नरांची प्रजननक्षमता घटते हे सिद्ध झाले आहे. प्रत्येक नदीतील मत्स्यकुल नष्ट होईलच असे मात्र सिद्ध झालेले नाही. सरोवरातील प्रयोग आणि वाहती नदी यांत भेद आहे. हा भेद न मानता भयोत्पादक विधाने करणे वैद्यास शोभत नाही.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे

वरील वृत्तांत वाचून आपल्यापैकी काहींना समाधान वाटण्याचा संभव आहे. हा दोष कृत्रिम संप्रेरकांचा, तो आधुनिक वैद्यकाचा. आमची औषधे तर निसर्गदत्त, असा युक्तिवाद सभासंमेलनांतून आम्ही वारंवार ऐकतो. तो तीन कारणांनी टिकत नाही.

पहिले कारण वर आलेच आहे. नदीत सापडलेल्या तीन प्रमुख द्रव्यांपैकी दोन पूर्णतः नैसर्गिक असून ती प्रत्येक मानवी देहातून बाहेर पडतात. कोणतेही औषध न घेणाऱ्या गावाचे सांडपाणीदेखील, ते शुद्ध न करता सोडल्यास, हाच परिणाम घडवू शकते.

दुसरे कारण असे की, वनस्पतीतील द्रव्येही माशांची संप्रेरके बिघडवू शकतात. आपल्याकडे हिवताप निर्मूलनासाठी डबक्यांत सोडले जाणारे गॅम्बुशिया मासे सर्वांच्या परिचयाचे आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात कागदाच्या लगद्याच्या कारखान्याचे पाणी ज्या ओढ्यात जात असे, तेथील या जातीच्या माद्यांत नराचे जननांग, म्हणजे रूपांतरित पर, वाढलेले आढळले. हे निरीक्षण १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. लाकडातील वनस्पतिजन्य स्टेरॉल द्रव्यांवर जीवाणूंची क्रिया होऊन पुरुषसंप्रेरकासारखी द्रव्ये बनत असावीत, असे त्याचे स्पष्टीकरण पुढील प्रयोगांवरून दिले गेले. कारखान्यात कोणीही संप्रेरक वापरलेले नव्हते. वापरले होते ते वृक्षाचे काष्ठ.

तिसरे कारण इतिहासाचे आहे. गर्भनिरोधक गोळीतील दुसरा घटक असलेली प्रोजेस्टेरॉनसदृश द्रव्ये मुळात आली ती मेक्सिकोतील रानटी कंदांतून. रसेल मार्कर यांनी १९४० च्या दशकात कोनफळाच्या कुळातील कंदांमधील डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन तयार केले आणि त्याच पायावर १९५१ मध्ये मेक्सिको येथे नॉरएथिस्टेरॉन सिद्ध झाले. वनस्पती आणि रसायन यांच्यामध्ये आपण कल्पिलेली भिंत प्रत्यक्षात अस्तित्वात नाही. द्रव्य कोठून आले यावरून त्याचे कर्म ठरत नाही, हे तर द्रव्यगुणविज्ञानाचेच मत आहे.

रसशाळेच्या मोरीतून काय जाते

आता औषधनिर्माते व्यवसायबंधूंशी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या रसशाळांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा विचार आपण किती करतो? काढ्यांचा चोथा आणि आसवारिष्टांच्या पिंपांचे धुवण यांत सेंद्रिय द्रव्य पुष्कळ असते. ते ओढ्यात गेले की कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते आणि मासे गुदमरतात. वत्सनाभ गोमूत्रात शोधितो तेव्हा त्या विषाचा मोठा अंश गोमूत्रात उतरतो. शोधनाचा हेतूच तो आहे. प्रतिदिनी बदललेले ते गोमूत्र आपण कोठे ओततो? पारदाच्या संस्कारांनंतरचे क्षालन कोठे जाते? पारद पाण्यात जाऊन माशांच्या देहात साठतो आणि माशांवाटे माणसाकडे परत येतो, हे जपानमधील मिनामाता येथे १९५६ पासून जगाने पाहिले आहे.

औषध व सौंदर्यप्रसाधन नियमावलीतील अनुसूची ‘टी’ २००० सालापासून आपल्याला लागू आहे. कामगारांस वा जनतेस अपाय करू शकेल अशा सांडपाण्याची व अवशेषांची विल्हेवाट लावण्याची अट तिच्यात स्पष्ट आहे. अनुज्ञप्तीसाठी कागद पूर्ण करणे निराळे आणि मोरीच्या तोंडाशी उभे राहून पाहणे निराळे. शोधनद्रव्ये व पारदयुक्त क्षालन स्वतंत्र पात्रात साठवून ते घातक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत संस्थेकडे सोपविणे, चोथ्याचे खत करणे, आणि पिंपांच्या धुवणासाठी छोटे शुद्धीकरण संयंत्र बसविणे, या गोष्टी मध्यम रसशाळेच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. खर्च येतो हे आम्हास मान्य आहे; तो औषधाच्या किमतीचा न्याय्य भाग समजला पाहिजे. युरोपीय संघाने नागरी सांडपाण्यासंबंधी २०२४ मध्ये नवा निर्देश संमत केला. सूक्ष्म प्रदूषके काढण्याच्या अधिकच्या शुद्धीकरणाचा किमान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्यांनी सोसावा, असे तत्त्व त्यात घातले आहे. औषधउद्योगाने त्यास न्यायालयात आव्हान दिले आहे. वादाचा निर्णय काहीही होवो, औषध विकणाऱ्याने औषधाच्या अंतापर्यंत उत्तरदायी असावे हा विचार आता मागे जाणारा नाही. उद्या तो आपल्या दारी कायदा होऊन येईल. त्याआधी आपण तो आचार म्हणून स्वीकारावा, यात प्रतिष्ठा आहे.

चिकित्सालयात काय करावे

वैद्यांपुरते बोलावयाचे तर पहिली गोष्ट मुदतबाह्य औषधांची. ती मोरीत वा शौचकूपात टाकण्याची सवय सार्वत्रिक आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत मुदतबाह्य व टाकून दिलेली औषधे पिवळ्या वर्गात येतात आणि हे नियम आयुष रुग्णालयांनाही लागू आहेत. अंमली गुणाच्या मोजक्या औषधांसंबंधीच्या स्वतंत्र सूचना वगळता, औषध पाण्यात सोडणे हा विल्हेवाटीचा मार्ग नव्हे. केरळ राज्याच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये घरांतील न वापरलेली औषधे गोळा करण्याचा उपक्रम आरंभिला. आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने एका तरी सभासदाच्या दुकानी अशी पेटी ठेवावी आणि तिच्यातील औषधे अधिकृत कचरा संस्थेकडे पाठवावीत, अशी आमची सूचना आहे. रुग्णाच्या घरी पडून राहिलेली आधुनिक संप्रेरक औषधेही त्याच पेटीत येऊ द्यावीत. नदीला पद्धतीभेद कळत नाही.

येथे एक गैरसमज टाळणे आवश्यक आहे. गर्भनिरोधक गोळी वा अन्य संप्रेरकचिकित्सा घेणाऱ्या स्त्रीस या विषयावरून दोष देणे सर्वथा अनुचित होय. तिची आवश्यकता खरी आहे आणि तिचे औषध थांबविण्यास नदीचे निमित्त पुढे करणे हा वैद्याचा अधर्म ठरेल. घराबाहेर गेलेले पाणी शुद्ध करणे हे तिचे काम नव्हे, ते समाजाचे काम आहे.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. पाण्यातील संप्रेरकांमुळे पुरुषांचे पौरुष नष्ट होत आहे, तेव्हा अमुक वाजीकर योग घ्या, असा मजकूर असलेली पत्रके आमच्या पाहण्यात आली आहेत. माशांवरील संशोधनाचा असा उपयोग करणे शास्त्रास धरून नाही. मासा त्या पाण्यातच अहोरात्र श्वसन करतो. कल्ल्यांवाटे द्रव्ये थेट त्याच्या रक्तात जातात. माणसाचा संबंध तसा नाही. मानवी वंध्यत्वाशी याचे नाते काय, यावर मतभेद आहेत आणि संशोधन चालू आहे. मत्स्य हा येथे पूर्वसूचक आहे. त्याचे दुःख हे आपल्या औषधाच्या विक्रीचे साधन होऊ नये. १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायद्याचे स्मरणही अशा प्रसंगी ठेवणे हितावह आहे.

तिसरी गोष्ट नागरिक म्हणून करावयाची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशाच्या नागरी भागांत प्रतिदिनी सुमारे ७२,४०० दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यापैकी सुमारे २०,२०० दशलक्ष लिटर पाण्यावरच प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. इंग्लंडमध्ये जी विकृती आढळली ती शुद्ध केलेल्या सांडपाण्यात आढळली, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या स्थितीचे गांभीर्य कळते. मुळा-मुठा असो वा पंचगंगा, आपल्या नगरांतील नद्यांच्या काठी जलपर्णी काढण्याचे कार्यक्रम होतात, घाट बांधले जातात. नदीतील माशांच्या वृषणांची वा रक्ताची तपासणी मात्र कोणी मागत नाही. व्हायटेलोजेनिनची चाचणी आज सुस्थापित आहे. विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांना ती अशक्य नाही. जिल्ह्यातील एका नदीच्या एका टप्प्यावर, शहराच्या वर आणि खाली, अशी तपासणी व्हावी म्हणून आपल्या शाखांनी महाविद्यालयांकडे व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी मागणी करावी. निदानावाचून चिकित्सा करू नये, हे आपणच जगाला सांगत आलो आहोत.

जनपदोद्ध्वंसाचे मूळ सांगताना आत्रेयांनी अखेरीस बोट ठेवले ते अधर्मावर, आणि त्याचेही मूळ म्हणून प्रज्ञापराधावर. ज्ञान असूनही तदनुरूप न वागणे हा प्रज्ञापराधाचाच प्रकार. औषध नदीत गेल्यावर काय होते याचे ज्ञान आता उपलब्ध आहे. येत्या वार्षिक सभेत मुदतबाह्य औषधांच्या संकलनाचा आणि रसशाळांच्या सांडपाण्याच्या स्वयंतपासणीचा ठराव चर्चेस यावा, अशी विनंती आम्ही कार्यकारिणीस या लेखाद्वारे करीत आहोत. सभासदांनी त्यास आपल्या अनुभवाची व सूचनांची जोड द्यावी.